मापाचे हातमोजे

धुळ्याच्या श्रमहित मंडळाला दिल्लीचं अनुदान मंजूर झालं, त्या दिवशी सचिव बन्सीलालभाऊंनी कार्यालयात पेढे वाटले. कामगारांसाठी सुरक्षा आणि आरोग्याचे चित्रतक्ते काढायचे, पुस्तिका छापायची आणि गावोगावच्या कापसाच्या जिनिंगांमध्ये जाऊन बायकांना शिकवायचं, असं ते काम होतं. प्रमिलाच्या हातावर पेढा ठेवताना भाऊ म्हणाले, "ताई, साहित्य पास झालं की तुमची जागा कायम. आणि जागा कायम झाली की मागची खोली तुमची."

प्रमिलानं पेढा रुमालात बांधून घेतला. बाहेर एकटीनं काही खाऊन घरी जायची तिला सोय नव्हती. वहिनीला वास येई.

तिला खोली हवी होती, बाकी काही नको होतं. जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन ती बीएस्सी झाली, लग्न झालं, आणि काही वर्षांनी नवऱ्यानं तिला ट्रंकेसकट एरंडोलला माहेरी आणून सोडलं. आईवडील गेल्यावर ती धुळ्याला भावाकडे आली. तिथं स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या बोळात तिची पथारी पडे. रात्री कुणी मोरीकडे निघालं की तिला ओलांडून जाई. वहिनी वाईट कधी बोलत नसे, हसूनच बोले. "अक्का, तुमची ट्रंक जरा पुढं ओढता का? तिच्यामागं घूस व्याली वाटतं. तिलाही हे आपलं माहेरच वाटलं असेल." तिचा भाऊ वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसे.

मंडळामागची खोली प्रमिलानं खिडकीतून पाहिली होती. लहानशी, शहाबादी फरशीची, बाहेर लिंबाचं झाड. दाराला आतून कडी होती. दुसऱ्या बायका दागिन्याचा विचार करतात तसा ती बोळात पडल्या पडल्या त्या कडीचा विचार करी.

ही गोष्ट एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यातली. अनुदान मार्चअखेर खर्ची पडायला हवं होतं, नाहीतर परत. मंजुरीबरोबर दिल्लीहून नमुन्याचा संच आला होता. बारा विषय, बारा तक्ते. हे बाराही तक्ते मराठीत आणून, आपल्याकडची माणसं त्यात काढून, तसेच्या तसे करायचे होते. मूळ संच कुठल्यातरी रसायनाच्या कारखान्यासाठी केलेला असावा. चौथ्या तक्त्याचं नाव होतं 'हातांचे संरक्षण', आणि खाली लिहिलं होतं: काम करताना नेहमी हातमोजे घाला.

प्रमिला एका जिनिंगमध्ये जाऊन काम पाहून आली होती. लांब शेड, यंत्रांच्या दोन रांगा, हवेत रुईची भुकटी, आणि प्रत्येक यंत्रावर एक बाई. यंत्रात चामड्याचा रूळ सारखा फिरतो. त्याच्या अंगाला पोलादी पातं घासून बसलेलं असतं. बाई हातानं कापूस पुढं सारते, रूळ त्यातली रुई पात्याखालून ओढून पलीकडे नेतो, सरकी अलीकडे गळून पडते. उघडं बोट रुळाला लागलं तर चामड्याचा चटका बसतो आणि हात आपोआप मागं येतो. हातात मोजा असेल तर चटका कळत नाही. आणि कापडाचं टोक एकदा पात्याखाली गेलं की रूळ ते सोडत नाही, त्याच्यामागं जे असेल ते सगळं ओढून घेतो. तेजाबाच्या बरणीपाशी जो मोजा हात वाचवतो, तोच इथं हात घालवणार होता.

तिनं हे बन्सीलालभाऊंना सांगितलं. भाऊ मूर्ख नव्हते. हनुवटीला हात लावून त्यांनी सगळं ऐकलं, रूळ कोणत्या दिशेनं फिरतो तेही विचारून घेतलं.

"तुमचं म्हणणं खरं असेल, ताई," ते म्हणाले. "पण त्यांनी मंजूर केले ते बारा तक्ते. आपण अकरा पाठवले तर संच अपुरा. बदलायला परवानगी मागितली तर मार्च उलटेल. आणि मोज्यांची ऑर्डरही गेली आहे."

मग ते उठले, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि तिला मागं घेऊन गेले. कुलूप गंजलं होतं, त्यांनीच तेल सोडून ते उघडलं. आतली कोळिष्टकं हातानं बाजूला करत म्हणाले, चुन्याचा हात मंडळ देईल. खिडकी उघडून दाखवली. दार लावून कडी घालून दाखवली, काढून दाखवली. मोज्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. प्रमिलानंही काढला नाही.

तिनं एवढंच केलं की चौथ्या तक्त्याच्या मजकुरात तळाशी एक ओळ घातली: फिरत्या यंत्रावर मोजे घालण्यापूर्वी फिटरला विचारा. तक्ते रंगवायचं काम हिलाल पेंटरकडे होतं. तो दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची मोठी चित्रं रंगवायचा. हाताचं चित्र मोठं आलं आणि खाली जागा उरली नाही, म्हणून त्यानं ती ओळ गाळली. ती गाळलेली पाहून प्रमिलाला हलकं वाटलं.

चित्रासाठी हिलालला नमुन्याचा हात हवा होता. त्याच जिनिंगमधल्या बायका एकमेकींना ढकलत हसल्या आणि त्यांनी केसरबाईला पुढं केलं. केसरबाई साक्रीकडची, चाळिशीची, नवऱ्यामागं मुलीला घेऊन राहणारी. वर्षानुवर्षं कापूस सारूनही तिचे हात लांबसडक आणि नीटस होते, आणि उजव्या मनगटावर तुळशीवृंदावनाचं गोंदण होतं. तिला आपल्या हातांचं कौतुक होतं आणि ते ती लपवत नसे. हिलालनं मोजा घातलेला उजवा हात काढला, मोज्याला तांबडा रंग दिला, वर मनगटावर ते गोंदण जसंच्या तसं उतरवलं. तक्ता शेडमध्ये लागला तेव्हा बायकांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण हात कुणाचा हे सगळ्यांनी ओळखलं. हाच तो हात म्हणून केसरबाईला कापूस घालताना उगाच पदर सावरायची सवय लागली.

मोजे आले ते सगळे पुरुषांच्या मापाचे. दुकानदाराकडे तेच होते. वाटप झालं तेव्हा केसरबाईनं हात आत घालून वर धरला. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती.

"बाई, या मोजामा मना नवरा बी बठी जाता," ती म्हणाली. "बिचारा पहिलेच मरी गया."

शेड हसली. मुकादम मगनही हसला. बायकांना मोजे आवडले होते. कापसातल्या वाळक्या बोंडांची टोकं बोचत नव्हती, आणि फाटकातून बाहेर पडताना ते कमरेला खोचून मिरवता येत होते. जिनिंगच्या मालकानं, शेठनं, मगनला सांगून ठेवलं होतं की दिल्लीचे साहेब पाहून जाईपर्यंत जी उघड्या हातानं येईल तिला घरी पाठवायचं. त्यामुळे आवडो न आवडो, सगळ्या घालत होत्या.

साहेब मार्चच्या सुरुवातीला आले. त्या सकाळी प्रमिला लवकर जिनिंगमध्ये पोचली. बायकांना उत्तरं येतात का ते पाहत ती रांगेतून फिरत होती. केसरबाईपाशी आली तेव्हा तिच्या मोज्यांची बोटं टोकापर्यंत भरलेली, ताठ दिसली.

"हे काय केलं?"

"रुई भरी," केसरबाई म्हणाली आणि दोन्ही हात अभिमानानं नाचवून दाखवले. "आते दखा, फोटोमाना हात दिखस का नही?"

जिनिंगमधल्या बाईच्या हाताशी दुसरं काय असणार? उशीत, गोधडीत, मुलीच्या बाहुलीत, दुखऱ्या कानात, सगळीकडे त्या रुईच भरत. तिचं पाहून शेजारच्या दोघीतिघींनीही भरली होती. प्रमिला त्या ताठ बोटांकडे बघत राहिली. रुळाला कापड आणि कातडी यातलं काही कळत नाही, पण रुई कळते. रुई ओढण्यासाठीच तो केलेला आहे. मोज्याची शिवण जिथं विरली तिथून पांढरं टोक डोकावत होतं.

ती सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात फाटकात गाडी वाजली. बन्सीलालभाऊ साहेबांना घेऊन आत आले. आता रांग थांबवून मोजे काढायला लावणं शक्य नव्हतं. प्रमिलानं ठरवलं, साहेब गेल्यावर सांगू.

साहेब नम्र होते. त्यांनी केसरबाईचा हात आणि तक्त्यावरचा हात दोन्ही पाहिले आणि फोटो घ्यायला लावला. साहित्य स्थानिक आहे, जिवंत आहे, असं ते इंग्रजीत म्हणाले. जाताना बन्सीलालभाऊंनी गाडीच्या खिडकीशी वाकून काही विचारलं आणि परत आले ते हसत. "ताई, पास."

साहेब गेल्यावर प्रमिलानं सांगितलं नाही. पास झालेल्या साहित्यात चूक आहे हे मगनला सांगायचं, मगन शेठला सांगणार, शेठ भाऊंना. तिनं मनाशी म्हटलं, मार्च संपू दे.

त्याच आठवड्यात ती खोलीच्या खिडकीचं माप घेत होती. पडदा शिवायचा होता. बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला आणि मगन आत आला. त्याच्या सदऱ्यावर रक्ताला रुई चिकटून तिचे गोळे झाले होते. केसरबाईचा हात रुळात गेला, एवढं सांगून तो उंबऱ्यावर बसला.

बाकीचं तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. केसरबाई शेजारणीशी बोलत होती. मोज्याच्या बोटातून डोकावणारी रुई रुळानं घेतली. तिला काही लागलं नाही, म्हणून तिनं हात मागं घेतला नाही. कळलं तेव्हा बोटं पात्याखाली होती. भटू फिटर यंत्र फिरवणारा पट्टा बांबूनं उतरवायला धावला. पट्टा उतरेपर्यंत तळहात गेला. मोजा निसटला असता तर कदाचित दोन बोटांवर भागलं असतं, पण आत भरलेल्या रुईनं तो हातावर घट्ट बसवला होता. पलीकडे रुईच्या ढिगात जे पडलं ते भटूनं फावड्यानं उचललं. तेवढी रुई वेगळी काढायची का, असं त्यानं शेठला विचारलं. शेठ म्हणाले, लाल झाली असेल तेवढीच काढ.

सिव्हिल हॉस्पिटलात हात मनगटाच्या खाली कापला. गोंदण वाचलं.

संध्याकाळी बन्सीलालभाऊंनी प्रमिलाला समोर बसवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. थोडा वेळ ते पेपरवेट फिरवत राहिले.

"मोजा घातला होता ना तिनं?"

"हो."

"त्यात रुई भरली होती म्हणे."

"हो."

"हे आपण शिकवलं होतं का?"

भाऊ थांबले. त्यांना घाई नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"मग तसं लिहा."

तिनं तसं लिहिलं. अहवाल नेटका झाला: दिलेला मोजा अयोग्य प्रकारे वापरल्यामुळे अपघात, यावरून अधिक प्रशिक्षणाची गरज स्पष्ट होते. यातला एकही शब्द खोटा नव्हता. शेठनं भरपाईच्या वेळी तीच प्रत पुढं केली आणि केसरबाईला बिदागी म्हणून एक लुगडं दिलं. दिल्लीहून दुसऱ्या टप्प्याचं अनुदान आलं, आता जळगाव जिल्ह्यासाठीसुद्धा. चौथा तक्ता नव्यानं छापताना त्यात ओळ वाढवायची असं तिकडूनच कळवलं होतं: आपल्या मापाचेच हातमोजे घाला. या ओळीसाठी हिलालनं चित्र थोडं लहान केलं. हात तोच ठेवला.

गुढीपाडव्याला प्रमिला खोलीत राहायला गेली. वहिनी ट्रंक स्वतः उचलू लागली आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, "येत जा हो अक्का. घर तुमचंच आहे." पहिल्या रात्री प्रमिलानं कडी घातली आणि बराच वेळ फरशीवर हात ठेवून बसली. तिला कुणी ओलांडलं नाही.

केसरबाईला मंडळानं ठेवून घेतलं. ही कल्पना भाऊंची. झाडलोट डाव्या हातानं होई तेवढी ती करायची, आणि प्रशिक्षणाला प्रमिलाबरोबर एस्टीनं जायची. पारोळा, एरंडोल, फैजपूर. प्रमिला एकेक तक्ता उलटत जाई. चौथा आला की केसरबाई उठून त्याच्या शेजारी उभी राही आणि पदराखालून उजवं मनगट बाहेर काढी. तक्त्यावर गोंदण आणि पुढं तांबडा मोजा, इथं गोंदण आणि पुढं काही नाही. बायकांच्या तोंडून आवाज निघे. प्रमिलानं कितीही नीट समजावलं तरी तो आवाज निघत नसे.

"मी बोटमा रुई भरी व्हती," केसरबाई सांगे. "चूक मनी शे. तुम्ही भरू नका."

हळूहळू तिला ते जमून गेलं. कुठं थांबायचं, हात कधी काढायचा, हे तिचं तिला कळलं. एरंडोलला एका पोरीनं विचारलं, मावशी, हात कुठं गेला? केसरबाई म्हणाली, "दिल्लीले. मी आठेच शे, हात मोठा साहेब व्हई गया." बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. परतीच्या एस्टीत केसरबाई खिडकीशी बसून डाव्या हातानं शेंगा फोडायचा प्रयत्न करत होती. फुटेनात तेव्हा तिनं दातानं फोडल्या आणि दाणे प्रमिलापुढं धरले. प्रमिलानं घेतले.

रस्त्यात केसरबाईनं एकदाच विचारलं होतं. मोजा नसता तर काय झालं असतं, बाई? प्रमिला म्हणाली, सांगता येत नाही. केसरबाईनं मान हलवली. बाई शिकलेली, आणि तिलाच सांगता येत नाही, तर आपल्याला काय कळणार.

दसऱ्याला जिनिंगची यंत्रं पुन्हा पुजली जातात आणि हंगाम उघडतो. तिथली रीत अशी की यंत्रावरची जागा घराची असते. बाई थकली, मेली किंवा बसली तर तिची मुलगी नाहीतर सून त्या जागेवर उभी राहते. परक्या बाईला जागा दिली तर बायका काम सोडतात. केसरबाईची जागा अशीच तिच्या घराची होती, आणि तिची पुष्पा त्या वर्षी अठरा संपून उभी राहण्याजोगी झाली होती.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दोघी मायलेकी प्रमिलाच्या खोलीवर आल्या. दारावर थाप पडली तेव्हा प्रमिलानं कडी काढली. केसरबाई त्या खोलीत पहिल्यांदाच आली होती. तिनं पडदा पाहिला, फरशी पाहिली, चांगली खोली शे म्हणाली आणि उंबऱ्याच्या आत अंग चोरून बसली. पुष्पा उभीच राहिली. मुलीचे हात आईवर गेले होते.

केसरबाई शेठकडे जाऊन आली होती. यंदा लहान मापाचे नवे मोजे आले होते, पण शेठ म्हणाले, या जागेचे मोजे मागच्या साली दिलेले आहेत, पुन्हा कसे मिळतील. तेव्हा तिनं आपल्याकडे उरलेला डावा मोजा काढला, अभिमन शिंप्याकडे नेला, पुष्पाच्या हातावर बसवून बोटं आणि मनगट आत घ्यायला लावली. आणि तसल्याच जाड कापडाचा दुसरा, उजव्या हाताचा, शिवून घेतला. शिंप्याला तिनं बजावलं होतं, टोकाला रिकामं काही राहता कामा नये. दिल्लीच्या तक्त्यात तसं लिहिलं आहे.

"घाल," ती पुष्पाला म्हणाली.

पुष्पानं मोजे चढवले. चढवायला वेळ लागला. अभिमननं काम चोख केलं होतं. कातडीवर कातडी बसावी तसे ते बसले. केसरबाईनं मुलीचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि तो प्रमिलापुढं दिव्याखाली धरला.

"बाई, आते माप बराबर शे ना?"

प्रमिलानं हात पाहिला. एकेक बोटाचं टोक दाबून पाहिलं. कुठंच सैल नव्हतं. मोजा ओढला तर सहज निघणार नाही, एवढा घट्ट होता. बन्सीलालभाऊंचं कार्यालय अंगणाच्या पलीकडे होतं आणि तिथला दिवा अजून चालू होता. तिसऱ्या टप्प्याचे कागद टाइप होत होते.

केसरबाई वाट पाहत होती. तिच्या तोंडावर काळजी नव्हती, नुसती खात्री करून घ्यायची होती.

"बरोबर आहे," प्रमिला म्हणाली.

केसरबाईचा चेहरा सुटला. ती भिंतीला मनगट टेकून उठली.

"दख," ती मुलीला म्हणाली, "बाईनी सांगं. आते डर नही."

पुष्पानं मोजे काढायला घेतले. ते निघेनात. मग आईनं दातांत बोटाचं टोक धरलं, मुलीनं हात मागं ओढला, आणि दोघी हसत हसत लिंबाखालून निघून गेल्या. प्रमिलानं दार लावलं आणि कडी घातली.